प्रणयकादंबऱ्या वाचणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे का? हल्लीच्या प्रणय, कल्पनारम्य, ऐतिहासिक आणि समकालीन कादंबऱ्यांपैकी कोणत्या वाचाव्यात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि ते मी ठामपणे देते, कारण हाच प्रश्न मला एकदा भर बैठकीत, उत्तराची वाटही न पाहता विचारला गेला होता.

आमच्या वाचनगटात पुढचे पुस्तक सुचवण्याची पाळी माझी होती आणि मी एमिली हेन्री यांची 'बीच रीड' (२०२०) सुचवली. प्रेमकथा लिहिणारी जॅन्युअरी आणि गंभीर कादंबऱ्या लिहिणारा गस, दोघांचेही लेखन अडलेले असते आणि पैजेखातर ते एकमेकांच्या प्रकारात लिहायला बसतात. एवढे सांगून होते न होते तोच गटातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "शेवटी दोघे एकत्र येणार हे मुखपृष्ठ पाहूनच कळते. मग वाचायचे काय?" बाकीचे हसले आणि पुस्तक बाजूला पडले. त्याऐवजी त्यांनी हिलरी मँटेल यांची 'द मिरर अँड द लाइट' (२०२०) सुचवली आणि ती एकमताने मान्य झाली. 'वुल्फ हॉल'पासून सुरू होणारी ही त्रयी मलाही अतिशय प्रिय आहे, त्यामुळे निवडीला माझा विरोध नव्हता. मात्र तिचा नायक, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, याचा १५४० साली शिरच्छेद झाला, हे तर पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असते, असे मी म्हटले, तेव्हा "तो इतिहास आहे, ते वेगळे," एवढे बोलून त्यांनी विषय संपवला.

ते वेगळे कसे, हे मला आजही पटलेले नाही. मँटेल यांनी सारे कथन वर्तमानकाळात ठेवले, त्यामुळे जे वाचकाला माहीत आहे ते क्रॉमवेलला माहीत नसते आणि त्याच्या प्रत्येक यशस्वी खेळीबरोबर आपल्या पोटात गोळा येतो. मॅगी ओफॅरेल यांच्या 'हॅम्नेट'मध्ये (२०२०) तर शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट मरणार हे सुरुवातीच्या टिपणातच सांगितलेले आहे. तरीही आजारी बहिणीसाठी मदत शोधत तो रिकाम्या घरात हाका मारत फिरतो, तेव्हा कोणीतरी वेळेवर यावे म्हणून आपला जीव कासावीस होतो. शेवट ठाऊक असणे हा इथे गुण ठरत असेल, तर प्रणयकथेत तोच दोष कसा ठरतो? दोन्हीकडे लेखकाचे कसब एकाच ठिकाणी पणाला लागते: अटळ गोष्ट घडेपर्यंतची प्रत्येक पायरी खरी वाटली पाहिजे.

आणि हल्लीच्या बऱ्याच प्रणयकादंबऱ्या नेमक्या याच कसोटीवर घसरतात, हेही मान्य करायला हवे. पुस्तक पाऊणभर संपले की ठरल्याप्रमाणे ताटातूट होते, आणि तिचे कारण बहुधा असा गैरसमज असतो, जो पाच मिनिटे बोलून मिटला असता. गैरसमज असू नये, असे माझे म्हणणे नाही. सॅली रूनी यांच्या 'नॉर्मल पीपल'मध्ये (२०१८) कॉनेलकडे उन्हाळ्यात भाड्याला पैसे नसतात, पण 'तुझ्याकडे राहू का' एवढे मॅरिअनला विचारणे त्याला जमत नाही आणि दोघे दुरावतात. तोही एका वाक्याने सुटणारा पेच आहे. पण ते वाक्य त्याच्या तोंडून का निघत नाही, याचे उत्तर त्याची आई मॅरिअनच्या घरी साफसफाईचे काम करते, या पहिल्याच प्रकरणात कळलेल्या गोष्टीत दडलेले आहे. समकालीन कादंबऱ्यांपैकी मी हीच आधी सुचवीन.

कल्पनारम्य प्रकाराबद्दल थोडक्यात सांगते. रेबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' (२०२३) वेगवान आहे आणि नायिका व्हायोलेटचे दुबळे शरीर लेखिका कुठेही विसरत नाही, हे मला मनापासून आवडले. परंतु ती जिथे शिकते त्या ड्रॅगनस्वारांच्या युद्ध-महाविद्यालयाबाहेरचे जग फारच पुसट राहते. याउलट सुझॅना क्लार्क यांच्या 'पिरानेसी'मध्ये (२०२०) पुतळ्यांनी भरलेली दालने आणि त्यांत शिरणारी भरती एवढ्यावरच एक संपूर्ण जग उभे राहते. दोहोंपैकी एकच वाचायची असेल, तर 'पिरानेसी' वाचावी. पहिली काही पाने गोंधळात टाकतील, पण तिथे थांबू नये.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी प्रामुख्याने इंग्रजी कादंबऱ्या वाचते, त्यामुळे ही निवड तेवढ्यापुरतीच समजावी. शिवाय 'फोर्थ विंग'मध्ये हिंसा आणि शरीरसंबंधांची उघड वर्णने आहेत, तेव्हा लहान वयाच्या वाचकाच्या हाती देण्यापूर्वी मोठ्यांनी ती वाचून पाहावी. आणि प्रणयकथा वाचता म्हणून तुम्हाला कोणी टोकले असेल, तर त्यांना 'बीच रीड'च द्यावी, कारण तिच्यातला गसही सुरुवातीला सुखान्त कथांकडे अशाच नजरेने पाहतो, आणि पैजेमुळे तशी कथा लिहायची वेळ त्याच्यावर येते.