बेसबॉलमध्ये २९-४ असा निकाल लागतोच कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: बेसबॉलचे स्कोअर ४-३, ५-२ असे असतात, मग एखादा संघ २९ धावा करतो तेव्हा नक्की काय घडतं? आणि क्रिकेटसारखा डाव घोषित करून मोकळे का होत नाहीत?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. घोषित करायची सोयच नाही. समोरच्याचे तीन गडी बाद करेपर्यंत तुमची सुटका नाही, मग त्याला पाच मिनिटं लागोत की पाऊण तास.

पहिल्यासाठी ८ जून १९५० चा सामना बघा. बॉस्टनचं फेनवे पार्क, यजमान बॉस्टन रेड सॉक्स २९, पाहुणे सेंट लुईस ब्राउन्स ४. आदल्याच दिवशी याच मैदानावर रेड सॉक्सनी ब्राउन्सना २०-४ असं धुतलं होतं, म्हणजे पाहुण्यांचे पिचर (चेंडू टाकणारे) आधीच पिळून निघालेले. सामन्यात नऊ इनिंग, प्रत्येकीत दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात. गंमत म्हणजे पहिल्या इनिंगमध्ये बॉस्टनच्या नावावर भोपळा. मग दुसरीत ८, तिसरीत ५, चौथीत ७, पाचवीत २, सहावीत परत शून्य, सातवीत २, आठवीत ५. यजमान पुढे असले की नववीत त्यांना बॅटिंग करावीच लागत नाही, त्यामुळे हे सगळं आठ इनिंगमध्येच उरकलं.

बॉबी डोअरने ३ होमरन (आपल्या षटकारासारखे) मारले, वॉल्ट ड्रोपो आणि टेड विल्यम्सने प्रत्येकी २. अल झरिलाचे चार डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके. बेस मिळवून देणारे फटके, म्हणजे हिट, एकूण २८. पण माझ्या मते या स्कोअरकार्डातली सगळ्यात बोलकी नोंद बॉस्टनच्या पिचरची, चक स्टॉब्जची आहे. त्या काळी पिचरही बॅटिंग करायचे, आणि पिचर म्हणजे बॅटिंगमध्ये बहुधा शेपूट. या शेपटाला ब्राउन्सनी सलग चार इनिंगमध्ये चार वेळा वॉक दिला, म्हणजे नीट चेंडू टाकताच न आल्याने फुकटात पहिल्या बेसवर पाठवलं. ज्याला हमखास बाद करायचं त्यालाही स्ट्राइक (नीट पट्ट्यातला चेंडू) पडत नसेल, तर विल्यम्सला काय टाकणार?

अशा निकालात मारणाऱ्यांचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. त्या वर्षी रेड सॉक्सनी १५४ सामन्यांत १०२७ धावा केल्या होत्या (आणि तरी तिसरे आले, पिचिंग तेवढं नव्हतं). पण आकडा दहावरून तिशीपर्यंत फुगतो तो हरणाऱ्याच्या हिशेबामुळे. बेसबॉलचा हंगाम रोजचा असतो. १२-० ने मागे पडल्यावर कुठलाही शहाणा मॅनेजर आपला चांगला पिचर या सामन्यात जाळणार नाही. तो सगळ्यात कमी उपयोगाच्या माणसाला उभं करतो आणि म्हणतो, खा मार, पण इनिंग काढ. हार एकच मोजली जाते, एका धावेने असो की पंचवीस धावांनी.

हेच २२ ऑगस्ट २००७ ला बाल्टिमोरमध्ये दिसलं. टेक्सास रेंजर्स ३०, ओरिओल्स ३. विसाव्या शतकापासून आजवर एका संघाने एका सामन्यात केलेल्या या सर्वाधिक धावा (त्याआधी १८९७ मध्ये शिकागोने लुइव्हिलविरुद्ध ३६ केल्या होत्या). तीन इनिंगनंतर ओरिओल्स ३-० ने पुढे होते, यावर विश्वास बसत नाही! त्याच संध्याकाळी दोघांचा दुसरा सामनाही होता, त्यामुळे ओरिओल्सनी चार पिचरांतच भागवलं. शेवटच्या दोन इनिंगमध्ये १६ धावा गेल्या. आणि हे ओरिओल्स कोण? १९५४ साली सेंट लुईस सोडून बाल्टिमोरला आलेले तेच ब्राउन्स. नशीब म्हणतात ते हेच.

लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये किंवा वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये फरक फार वाढला की सामना आटोपता घेतात. मेजर लीगमध्ये, म्हणजे हे सगळे संघ खेळतात त्या अव्वल लीगमध्ये, तसा नियम नाही. आता फार मागे पडलेला संघ पिचर वाचवायला सरळ एखाद्या फील्डरलाच चेंडू टाकायला लावतो, आणि त्यालाही २०२३ पासून अट आहे: हरत असाल तर निदान आठ धावांनी मागे असायला हवं.

जाता जाता एक. त्या ३०-३ च्या सामन्यात रेंजर्सच्या वेस लिटलटनला ‘सेव्ह’ मिळाला, म्हणजे विजय राखून ठेवल्याचं श्रेय. शेवटच्या तीन इनिंग त्याने टाकल्या आणि नियमात तेवढं पुरतं. २७ धावांनी जिंकलेला सामना ‘वाचवणारा’ माणूस, अधिकृत नोंदीत आहे.