सोलापुरात ऑप्टोमेकॅनिक्सचे प्रयोग कसे सुरू करावेत?

तुम्ही मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात. ऑप्टोमेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या, म्हणजे भिंगं-आरसे अचूक जागी धरून ठेवण्याच्या तंत्राच्या, पहिल्या प्रयोगशाळेत नेमकं काय करून घेतात आणि कॉलेजात ऑप्टिकल टेबल (कंपनं वर पोचू न देणारं जड टेबल) नसताना सोलापुरात त्यातलं काय जमेल, असं तुम्ही विचारलंय. बरंच जमेल. भिंगं आणि आरसे विकत मिळतात. ते न दाबता, न हलू देता धरायचे कसे हे मात्र हातानेच शिकावं लागतं. त्यासाठी लेथ, ड्रिल आणि टॅपचा सेट असलेलं वर्कशॉप पुरतं. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत ओळख काढा.

सुरुवात आरशाच्या माउंटपासून, म्हणजे आरसा धरणाऱ्या आधारापासून करा, आणि तो स्वतः बनवा. दोन प्लेट, त्यांच्यामध्ये स्टीलच्या तीन गोळ्या, ओढून धरायला दोन स्प्रिंग. एक गोळी शंकूच्या खड्ड्यात, दुसरी व्ही आकाराच्या खाचेत, तिसरी सपाट जागी. खड्डा तीन दिशा अडवतो, खाच दोन, सपाट जागा एक. एकूण सहा, आणि कुठल्याही वस्तूला हलायला वाटाही सहाच असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. तिपाई खडबडीत फरशीवरही डुगडुगत नाही, तसंच हे. चौथा टेकू दिलात तर प्लेट वाकते, आणि तिच्यासोबत आरसाही. माझ्या मते हा प्रयोग साऱ्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. यावर पाहिजे तेवढा वेळ घालवा.

दोन गोळ्यांच्या जागी स्क्रू लावून, त्यांची टोकं गोल करून, लेझरचा ठिपका 5 मीटरवरच्या भिंतीवर पाडा. साध्या एम6 स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पुढे सरकतो ते अंतर, 1 मिमी असतो. टेकूपासून स्क्रू 50 मिमीवर असेल तर एका फेऱ्यात आरसा 20 मिलीरेडियन कलतो, किरण त्याच्या दुप्पट वळतो आणि ठिपका 200 मिमी सरकतो. पाव मिमी पिचचा स्क्रू लावला तर 50 मिमी. बारीक आट्यांना जास्त पैसे का मोजतात, हे तिथे लगेच कळतं. मग स्क्रू मागे फिरवून ठिपका जुन्या खुणेवर येतो का ते पाहा. न आल्यास आट्यातली ढिलाई आणि स्प्रिंगचा ताण तपासा.

पुढचा धडा तापमानाचा, आणि त्यासाठी आपलं गाव उत्तम. ॲल्युमिनिअम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन वाढतं, भिंगांसाठी नेहमी वापरतात ती बीके7 काच फक्त 7. मे महिन्यात 40 अंशांत 50 मिमीचं भिंग ॲल्युमिनिअमच्या रिंगमध्ये बसवलंत आणि ते पुढे 10 अंशांत वापरलं, तर रिंग काचेपेक्षा सुमारे 24 मायक्रॉन जास्त आकसेल. व्यासात तेवढी फट ठेवली नसेल तर काच दाबली जाते, कधी तडकतेही. म्हणून ड्रॉइंगवर बसवण्याचं तापमान लिहायची सवय आत्ताच लावून घ्या.

कंपनाचा प्रश्न इथे खरा आहे, शेजारी यंत्रमाग असतील तर जास्तच. जाड शहाबादी फरशा एकावर एक ठेवा आणि खाली स्कूटरच्या अर्धवट हवा भरलेल्या ट्यूब घाला. वजन जितकं जास्त तितकं बरं. त्यावर मायकेलसनचा इंटरफेरोमीटर मांडा: त्यात लेझरचा किरण दोन बाजूंना फोडून, दोन आरशांवरून परत आणून एकत्र करतात, आणि उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. दोन्ही बाजूंची लांबी जवळपास सारखी ठेवा. लाल लेझरमध्ये आरसा सुमारे 0.32 मायक्रॉन सरकला की एक पट्टा पुढे जातो, त्यामुळे माउंटजवळ नुसता तळहात धरला तरी पट्टे चालू लागतात.

लेझर 1 मिलिवॉटच्या आतला घ्या. स्वस्त हिरव्या पॉइंटरच्या लेबलवर विसंबू नका. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा, किरण टेबलाला समांतर ठेवा, आणि खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकताना आधी लेझर बंद करा. वाकलं की डोळा नेमका किरणाच्या उंचीवर येतो.