सिल्वासाला जाऊ द्या, पण ठेकेदाराच्या नावावर नको

प्रश्न : शिंदखेडा तालुक्यातलं आमचं गाव. चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि थोडा मका. मुलगा २० वर्षांचा आहे. दहावीला ६८ टक्के, यंदा आयटीआयचा तारतंत्री ट्रेड ८२ टक्क्यांनी पास झाला. गावातला एक जण सिल्वासाला ठेकेदारी करतो. तो म्हणतो, केबल कंपनीत लावून देतो. १२ तास ड्यूटी, १८ हजार पगार, राहायला खोली. काम काय विचारलं तर म्हणाला, "केबलला टेप गुंडाळायचं मशीन आहे, त्यावर उभं राहायचं." दोन वर्षं आयटीआय करून पोरानं टेप गुंडाळायची का? त्याची आई म्हणते, महावितरणची भरती निघेपर्यंत घरीच थांबू दे. पोरगा म्हणतो, जातो. गेल्या चैत्रात बोअरची मोटार जळाली, तिच्या रिवायंडिंगचे पैसे अजून फिटले नाहीत. त्यामुळे मलाही वाटतं जाऊ द्यावं. काय करावं?
– एक पालक

नाना, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. "टेप गुंडाळायची का?" हा तुमचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात मुलाच्या शिक्षणाचा अपमान होतोय असं तुम्हाला वाटलेलं दिसतं. त्याचं उत्तर तुमच्या जळालेल्या मोटारीतच आहे.

रिवायंडिंगच्या दुकानात मोटार उघडली तेव्हा तुम्ही समोर असाल, तर आतली तार आठवून बघा. घरच्या पंख्याची तार तपकिरी, चकचकीत असते. तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. बोअरच्या मोटारीची तार तशी नसते. ती पांढरट प्लास्टिकनं गुंडाळलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक सबमर्सिबल मोटारींच्या आत पाणी भरलेलं असतं आणि वाइंडिंग त्या पाण्यातच बुडून चालतं. म्हणून तांब्याच्या तारेवर आधी पॉलिएस्टरची फिल्म गुंडाळतात, तिच्यावर पॉलिप्रॉपिलिनची. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर थोडा चढला पाहिजे. एका जागी फट राहिली तर त्या जागी पाणी तांब्याला भिडतं, शॉर्ट होतो आणि मोटार वर काढावी लागते. तुमची मोटार याच कारणानं जळाली असं मी म्हणत नाही; व्होल्टेज पडल्यानं, फेज गेल्यानं, पाणी खाली गेल्यानं कोरडी चालूनही मोटार जळते. पण त्या तारेवरची टेप कुठल्यातरी कारखान्यात कोणीतरी मशीनसमोर उभं राहून गुंडाळलेली असते, आणि त्याच्या हातावर शेतकऱ्याचं भरणं अवलंबून असतं.

आता त्या मशीनवर "उभं राहायचं" म्हणजे काय ते सांगतो, कारण ठेकेदारानं ते फार स्वस्तात सांगितलंय. केबलचा कंडक्टर, म्हणजे आतली तांब्याची तार, कॅपस्टन नावाचं ओढणारं चाक ओढतं आणि टेपचं पॅड बसवलेलं हेड त्याच्याभोवती गरगर फिरतं. समजा टेप २० मिलिमीटर रुंद आहे आणि पाव भाग एकावर एक चढवायचा आहे. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला केबल १५ मिलिमीटर पुढे सरकली पाहिजे. हेड मिनिटाला ६०० फेरे मारत असेल तर केबल मिनिटाला ९ मीटर ओढायची. उत्पादन वाढवायला कोणी कॅपस्टन १२ मीटरवर नेला आणि हेड तसंच ठेवलं, तर एका फेऱ्याला केबल २० मिलिमीटर सरकते. टेपची कड कडेला टेकते, ओव्हरलॅप संपतो. त्यापुढे वेग जरा वाढला की उघडं तांबं. हे गणित तुमच्या मुलाला तोंडी जमेल. ज्याला ते जमत नाही तो वर्षानुवर्षं त्याच मशीनवर हेल्पर राहतो.

त्यात टेपचा ताण सांभाळायचा असतो. जास्त झाला तर टेप ओढली जाऊन अरुंद होते किंवा तुटते. कमी झाला तर सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीत हवा अडकते. पॅड संपायच्या आत नवीन जोडायचं, जोड कुठे आला त्याची नोंद करायची. टेपचे प्रकारही बरेच. रुग्णालयं, मेट्रो, उंच इमारती इथल्या आगीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या केबलला अभ्रकाची टेप लागते; वरचं प्लास्टिक जळून गेलं तरी अभ्रक तग धरतं आणि वीज चालू राहते. हाय टेन्शन केबलला तांब्याची टेप असते. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याच्या पट्टीवर कागद गुंडाळतात, तो पुढे तेलात भिजतो. काम हलकं नाही, नाना. मी मुलांना हे काम आनंदानं सुचवतो.

मला घोर आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. तुमच्या पत्रात कामाबद्दल चार ओळी आहेत आणि नेमणुकीबद्दल एकही नाही. मुलाला कामावर कोण घेणार, कंपनी की ठेकेदार? हजेरी कोणाच्या रजिस्टरवर? पगाराची चिठ्ठी मिळणार का?

१८ हजारांचा हिशोब मांडून बघू. १२ तासांची ड्यूटी, महिन्याला २६ दिवस. कायद्यानं आठवड्याचे तास ४८, म्हणजे सहा दिवसांत रोजचे ८. वरचे ४ तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. म्हणजे रोज १६ तासांचा पैसा मिळायला हवा. २६ दिवसांचे झाले ४१६ तास. १८ हजारांना ४१६ नं भागलं की तासाला ४३ रुपये येतात. ८ तासांचा रोज ३४६ रुपये. गावात फवारणीला माणूस काय रोज घेतो ते तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांचं प्रमाणपत्र हातात असलेल्या मुलाचा भाव १८ हजार नाही, ३४६ रुपये रोज आहे. त्यातून खोलीचे पैसे कापणार असतील तर आणखी कमी.

ठेकेदाराच्या नावावर काम करण्याचा तोटा पैशापेक्षा मोठा असतो. माझ्याकडे एक मुलगा आला होता, अशाच एका कारखान्यात तीन वर्षं काढून. हात उत्तम बसलेला. तारेवर वितळलेलं प्लास्टिक चढवणारं एक्स्ट्रुडर मशीन चालवायचा, केबलवर पोलादी तारांचं चिलखत चढवणाऱ्या आर्मरिंगवरही उभा राहायचा. दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेला तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं. दर वर्षी ठेकेदार बदलला, पीएफ एका वर्षी भरला, पुढच्या वर्षी भरलाच नाही, आणि कंपनीच्या कागदावर त्याचं नाव कधी चढलंच नव्हतं. तीन वर्षं त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली. तुमच्या मुलाचं असं होऊ नये, एवढ्यासाठी हे उत्तर लांबतंय.

म्हणून माझा सल्ला असा. सिल्वासा चांगलं ठिकाण आहे. वायर-केबलचे मोठे कारखाने तिथे आहेत, आपल्या भागाला जवळही आहे. शिंदखेड्याहून सुरत, सुरतहून वापी, पुढे रस्त्यानं तासाभरात. पण त्यानं जावं ते शिकाऊ उमेदवार म्हणून, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंद होऊन. केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर त्याचं नाव नोंदवा. त्याच्या आयटीआयमध्ये हे काम बघणारे शिक्षक असतात, त्यांना भेटा. कंपनी आणि मुलगा यांच्यात करार होतो, त्याची नोंद सरकारकडे होते, विद्यावेतन थेट खात्यात येतं, आणि मुदत पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. ते देशात कुठेही चालतं.

यात पैसे १८ हजारांपेक्षा बरेच कमी मिळतील, आणि शिकाऊ उमेदवाराला पीएफ नसतो. मोटारीचं देणं डोक्यावर असताना हे सांगणं मला सोपं जात नाही. पण ते एका वर्षाचं आहे. रिवायंडिंगवाल्याला हप्ते पाडून मागा. आपल्याकडचे दुकानदार कापूस विकेपर्यंत थांबतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पण कुठल्याही कंपनीच्या शिकाऊ करारावर सही करण्याआधी भुसावळचा विचार करा. हे बहुतेक मुलांना कोणी सांगत नाही. मध्य रेल्वे दर वर्षी शिकाऊ उमेदवार घेते आणि त्यात भुसावळचा वेगळा गट असतो. तिथलं विद्युत इंजिन शेड आणि विद्युत इंजिनांचा कारखाना त्यातच येतात. लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांची सरासरी काढून यादी लागते. तुमच्या मुलाची सरासरी ७५ येते. जाहिरातीत तारतंत्री ट्रेड आहे का ते आधी बघा; असेल तर लागेलच असं नाही, पण अर्ज करण्यासारखी आहे. जाहिरात साधारण पावसाळ्यात येते. एकदा दुसरीकडे शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली की रेल्वेच्या या यादीला तो पात्र राहत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी रेल्वेचा अर्ज, यादीत नाव आलं नाही तर सिल्वासा. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी केलेल्यांना पुढे लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. सहायक लोको पायलटच्या भरतीलाही तारतंत्री ट्रेड चालतो.

वहिनींचं म्हणणंही चुकीचं नाही. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला वीजतंत्री आणि तारतंत्री हेच ट्रेड लागतात. ऑनलाइन परीक्षा होते आणि निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात, मग तंत्रज्ञ. अर्ज जरूर करावा. पण भरती कधी निघेल त्याचा नेम नसतो, आणि घरी बसलेल्या मुलाचा हात दोन वर्षांत जड होतो. कारखान्यात काम करता करता अर्ज भरता येतो आणि परीक्षेला सुट्टी घेऊन येता येतं. घरी थांबू देऊ नका.

तो कारखान्यात गेलाच, तर त्याला माझा हा निरोप सांगा. टेपिंगवर सहा महिने मन लावून काम करावं आणि मग पुढचं-मागचं मशीन बघायला मागावं. ८ मिलिमीटरचा तांब्याचा रॉड डायमधून ओढून बारीक कसा होतो, ॲनिलिंगमध्ये, म्हणजे तापवून, नरम का करतात, तारांचा पीळ कसा घालतात, एक्स्ट्रुडरवर इन्सुलेशन मध्यभागी कसं बसतं. आणि जमेल तेव्हा टेस्टिंगच्या खोलीत शिरावं. दीड चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या वायरचा रोध २० अंशांना किलोमीटरमागे १३.३ ओहमपेक्षा जास्त असता कामा नये. तिथे तो स्वतः मोजून बघायला शिकेल की तांबं कमी घातलेली वायर कशी पकडली जाते. असं मोजणारा माणूस कंपनीला सहसा सोडवत नाही.

आणखी एक वाट आहे, आणि ती मला खान्देशातल्या मुलांसाठी सगळ्यात आवडते : केबल जॉइंटर. हाय टेन्शन केबलचा जोड किंवा टर्मिनेशन, म्हणजे केबलच्या टोकाची जोडणी, करणारा कारागीर. वरचं आवरण सोलायचं, आतला काळा सेमिकंडक्टिंग थर असा काढायचा की खालच्या इन्सुलेशनवर नखाएवढाही ओरखडा येणार नाही, मग स्वच्छ पुसून किटमधल्या नळ्या चढवून गरम करून आवळायच्या. पावसाळ्यात फुटणारे जोड बहुतेक या सोलण्या-पुसण्यातल्या घाईचे असतात. साक्री तालुक्यात पवनचक्क्या आहेत, सौर प्रकल्प आहे; दोंडाईचाकडेही सौरऊर्जेचं काम आहे; दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे. या सगळ्यांना जोड करणारा भरवशाचा हात लागतो. केबल बनताना आतून बघितलेला मुलगा जोड जास्त चांगला करतो, कारण प्रत्येक थर कशासाठी आहे ते त्याला ठाऊक असतं. चार-पाच वर्षांनी त्याला गावाकडे परतायचं असेल तर हे काम घेऊन परतता येईल. त्याबरोबर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवानाही त्यानं काढून ठेवावा. कारखान्यातला अनुभव कितीही असला तरी बाहेर वायरिंगच्या कामाला हा परवाना लागतो.

जाण्याआधी धुळ्यात नेत्रतज्ज्ञाकडे रंगांधळेपणाची तपासणी करून घ्या, ठिपक्यांच्या इशिहारा तक्त्यांवर. लाल, पिवळा, निळा, काळा, हिरवा हे रंग त्याला आयुष्यभर ओळखायचे आहेत, आणि रेल्वेची वैद्यकीय तपासणी याबाबत फार कडक असते. काही दोष असेल तर आत्ताच कळलेला बरा.

मशीनवर उभं राहताना हातात कडं, दोरा, अंगठी नको, गळ्यात उपरणं नको, बाही सैल नको. फिरत्या हेडचं गार्ड उघडून सुरकुती सरळ करायला कोणी सांगितलं, अगदी सुपरवायझरनं सांगितलं तरी, आधी मशीन थांबवायचं. हे त्याला तुम्ही स्वतः सांगा. बापानं सांगितलेलं मशीनसमोर आठवतं.

आणि गावातल्या त्या ठेकेदाराशी वाकडं येऊ देऊ नका. त्याला एवढंच विचारा : कंपनीच्या एचआरकडे शिकाऊ उमेदवार म्हणून नाव लावून देशील का? हो म्हणाला तर त्याचे उपकारच. नाही म्हणाला आणि तरी पाठवावंच लागलं, तर नेमणुकीचा कागद, पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आणि दर महिन्याची पगाराची चिठ्ठी या चार गोष्टी पहिल्या महिन्यातच मागून घ्यायला सांगा. चिठ्ठीचा फोटो दर महिन्याला तुमच्या फोनवर मागवा. दहावीची आणि आयटीआयची मूळ गुणपत्रकं मात्र घरातच, पेटीत ठेवा. ठेकेदाराला फक्त झेरॉक्स द्यायच्या.