तुझं बागेचं डिझाइन बघितलं, त्याबद्दल थोडं

तुझी पीडीएफ दोनदा बघितली, रात्री परत एकदा. ड्रॉइंग सुरेख आहेत, पण बागेत इतिहास सांगायला बारा पॅनल म्हणजे जरा अतीच होतंय रे. पहिल्या वस्तीपासून कालच्या फ्लायओव्हरपर्यंत सगळं कोंबलंयस, आणि बागेत येणारा माणूस काय परीक्षेला बसायला येत नाही, तो पाय मोकळे करायला येतो, पोरगं त्याचा हात ओढत असतं, तुझ्या पॅनलसमोर तो फार तर मिनिटभर थांबणार.

म्हणून आधी एकच धागा धर. लॉस एंजेलिसमधलं बिडी मेसन पार्क नेटवर शोध. बिडी मेसन ही गुलामीत जन्मलेली बाई, 1856 मध्ये कोर्टात जाऊन सुटका मिळवली, पुढे सुईणीचं काम करून साठवलेल्या पैशातून तिथेच जमीन घेतली. डिझायनर शीला डी ब्रेटव्हिलने 1989 मध्ये तिथे 81 फुटांची काँक्रीटची भिंत केली, एकेक दशक पुढे सरकत जाते, आणि सुईणीची बॅग, घराचं कुंपण अशा साध्या वस्तूंचे ठसे त्यात आहेत. बाईचं आयुष्य वाचता वाचता शहर वाढलेलं कळतं, वेगळा धडा द्यावा लागत नाही.

असल्या वस्तू तुला लायब्ररीत कमी आणि बागेच्या आसपास राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जास्त सापडतील. पहिल्या भेटीत स्केचबुक काढूच नकोस, नुसतं ऐक. एकाच घटनेबद्दल दोघं उलटसुलट सांगतील, तेव्हा घाईने एकाला खोटं ठरवू नकोस, दोन्ही आवाज भिंतीवर आले तरी चालतात. फोटो किंवा आवाज वापरणार असशील तर परवानगी लेखी घे. हे मी एकदा टाळलं आणि तयार झालेली फरशी उखडावी लागली.

अजून एक, जागेवर जाऊन बस. सकाळी, भर दुपारी, दिवे लागल्यावर. गवतावर पायवाट कुठे पडलीय ते बघ. न्यूयॉर्कमध्ये शिल्पकार रिचर्ड सेराचं 'टिल्टेड आर्क' 1981 मध्ये एका चौकात उभं राहिलं, 120 फूट लांब आणि 12 फूट उंच लोखंडी भिंत, लोकांना रोज वळसा घालून जावं लागायचं, खूप भांडणं झाली आणि 1989 मध्ये ते काढलं. कलाकार म्हणून मला सेराची बाजू पटते, पण रोज वळसा घालणाऱ्यांचीही पटते, काय करणार.

उलट जर्मन कलाकार गुंटर डेमनिगचे युरोपभरच्या फुटपाथमधले पितळी दगड बघ, जेमतेम 10 सेंटिमीटरचा चौकोन, नाझींच्या बळींची नावं त्यांच्याच घरापुढे, आणि वाचायचं तर वाकावंच लागतं. तू पण वाचणाऱ्याच्या शरीराकडून काहीतरी करून घे, वाकणं, हात फिरवणं, बसणं. शेवटच्या चार पॅनलचा सरळ बाकच कर ना!

आता मटेरियल, इथे तू फार भोळा आहेस. कॉर्टेन स्टील, म्हणजे वर मुद्दाम गंजाचा थर येऊ दिलेलं पोलाद, फोटोत भारी दिसतं, पण पहिल्या पावसात त्याचा गंज ओघळतो आणि फिकट फरशीवर तांबडे डाग पडतात, माझ्या एका कामात पडलेत, अजून गेले नाहीत. खाली खडी टाक किंवा गडद दगड वापर. पितळेची सुटी अक्षरं चोरीला जातात. फरशीत खोल कोरलेली अक्षरं मातीने भरतात, आणि अक्षर-पार्श्वभूमीचा रंग जवळजवळ सारखा असेल तर तिरप्या उन्हाशिवाय काही वाचता येत नाही. मुलं चढणारच, 'चढू नये' लिहून काही होत नाही, कडा गोल कर आणि पाया तसा मजबूत धर. व्हीलचेअरवरून काय दिसतं ते खुर्चीत बसून तपास. आणि देखभालीचे पैसे कोण देणार हे आत्ताच करारात लिहून घे, उद्घाटनानंतर फोन कुणी उचलत नाही.

पुढच्या आठवड्यात तीन पॅनल पाठव. मजकूर पन्नास शब्दांच्या आत, आणि पाठवायच्या आधी एखाद्या दहा वर्षांच्या मुलाकडून मोठ्याने वाचून घे, तो जिथे अडखळेल तिथे खूण करून ठेव.