आईच्या आठवणी नातवंडांसाठी जपून ठेवायच्यात, पण ती "माझं काय आहे सांगण्यासारखं" म्हणते. सुरुवात कशी करू?

तुमची आई ७८ वर्षांची आहे आणि विषय काढला की ती हे एक वाक्य बोलून उठून जाते असं तुम्ही लिहिलंय. माझी आईसुद्धा अगदी हेच म्हणायची. पण चूक माझी होती. मी वही-पेन घेऊन समोर बसले आणि म्हटलं, "आई, तुझ्या लहानपणाबद्दल सांग ना." एवढा मोठा प्रश्न आला की माणूस फॉर्म भरल्यासारखं सांगतो, जन्म कधीचा, शाळा कुठली, लग्न कधी झालं, मुलं किती. तीन पानं भरली आणि त्यात आई कुठेच नव्हती.

पुढे दोनेक महिन्यांनी ती तिचा जुना बटणांचा डबा घेऊन बसली होती, निवडत होती. मी शेजारी बसले आणि विचारलं, "फोनवर रेकॉर्ड करू का गं?" "कर की," म्हणाली, लक्ष सगळं डब्यात. मग एक तपकिरी बटण उचललं, चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं. "हे बाबांच्या शर्टाचं. शर्ट फाटला तेव्हा आईने त्याची फडकी केली आणि बटणं काढायला मला बसवलं, त्यातलं एक मी लपवून ठेवलं." तिथून जी बोलायला लागली ती चाळीस मिनिटं. माझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं हे मला त्या दिवशी कळलं! घरी आलेली पत्रं नऊ वर्षांची आई त्यांना वाचून दाखवायची आणि वाईट बातमी असली की ती ओळ गाळून पुढची वाचायची.

आणि तिथेच मी तोंड उघडलं. "हे कुठल्या साली गं?" झालं, ती बोटांवर वर्षं मोजायला लागली, मी किती वर्षांची, धाकटा किती वर्षांचा, आणि पत्रं राहिली बाजूला. नंतर आठवड्याने मुद्दाम विचारलं की कुठली ओळ गाळली होतीस, तर म्हणाली, "काय माहीत, आता नाही आठवत." रेकॉर्डिंगमध्ये माझा तो प्रश्न ऐकू येतो आणि दर वेळी पोटात कालवतं. म्हणून कळकळीने सांगते, ती बोलत असताना साल विचारू नका, चूक दुरुस्त करू नका, "हे मागे सांगितलंयस" असंही म्हणू नका. सालं नंतर जुन्या कागदांवरून, फोटोंवरून लावता येतात. ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा. खरी गोष्ट बऱ्याचदा त्या शांततेनंतरच येते.

म्हणजे सुरुवात प्रश्नाने नको, वस्तूने करा. जुना फोटो, चावी, पत्र, शिवणाचा डबा, काहीही जे ती हातात धरू शकेल. हात कामात असले की संकोच कमी होतो. म्हातारपणी माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त येतात, मानसशास्त्रात याला रेमिनिसन्स बम्प म्हणतात, तेव्हा त्या काळातल्या वस्तू आधी काढा. आणि वेळ थोडा ठेवा. न्यूयॉर्कमध्ये २००३ साली सुरू झालेल्या स्टोरीकॉर्प्स या उपक्रमात एकमेकांना ओळखणाऱ्या दोन माणसांना समोरासमोर बसवून ४० मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करतात. मलाही तेवढंच पुरेसं वाटतं, त्यानंतर आई दमते.

फोनचंच रेकॉर्डर पुरतं, वेगळा माईक नसला तरी चालतं. फक्त फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर मधेच कॉल येतो, पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन तिच्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी फाईलला नाव द्या, तारीख, कोण बोलतंय, कशाबद्दल. फाईली तीन ठिकाणी हव्यात, एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावंडाकडे. जुने फोटो किमान ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी ते फोटो दाबून लहान करतं. मूळ फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो.

लिहून काढायला फार वेळ लागतो, तासभराच्या बोलण्याला चार-पाच तास सहज जातात, तेव्हा सगळं लिहायच्या मागे लागू नका. जे लिहाल ते तिच्याच भाषेत ठेवा. मी पहिल्यांदा तिची वाक्यं नीटनेटकी करून टाकली होती आणि माझा मुलगा वाचून म्हणाला, "आजी अशी कुठे बोलते?" सगळं परत लिहिलं. आवाज मात्र काहीही झालं तरी जपा. बटणं डब्यात पडल्याचा तो आवाजसुद्धा माझ्याकडे आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, कोणाला काय ऐकवायचं हे तिने ठरवायचं. प्रत्येक वेळी शेवटी मी विचारते, "यातलं काही ठेवू का बाजूला?" दोनदा ती हो म्हणाली. त्या दोन फाईली भावंडांनाही दिलेल्या नाहीत, नावातच लिहून ठेवलंय, "आईला विचारल्याशिवाय उघडू नये."