वाड्याच्या दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे?

प्रश्न : आमचा दोन चौकी वाडा पुण्यात शनिवार पेठेत आहे. महापालिकेच्या वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत त्याचे नाव आहे. दोन जुने भाडेकरू आहेत. चुलतभाऊ म्हणतात, बिल्डरला देऊन मोकळे होऊ. मला वाडा राखायचा आहे. सरकार अनुदान देते असे ऐकले. अर्ज कुठे करू?

उत्तर : रोख अनुदानाच्या भरवशावर बसू नका, हे आधीच सांगते. यादीत नाव आले की तिजोरी उघडते असा पेठांमध्ये पक्का समज आहे. शनिवारवाडा केंद्र संरक्षित, त्याचा खर्च भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते. १९६०च्या राज्य कायद्याखाली संरक्षित झालेल्या वास्तू राज्याचे पुरातत्त्व संचालनालय बघते. महापालिकेच्या यादीतला खाजगी वाडा या दोन्हींत बसत नाही. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीचे एवढे कौतुक होते, पण त्यातही दुरुस्ती मालकानेच करायची असे स्पष्ट आहे. मदतीसाठी वेगळा निधी उभारण्याची मुभा आहे, सक्ती नाही.

तुम्हाला मिळू शकते ते हक्कांच्या रूपात. वारसा निर्बंधांमुळे जेवढा एफएसआय, म्हणजे जागेवर मिळणारा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, त्याबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मागता येतो. डिसेंबर २०२०च्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, ही तरतूद आहे. तो टीडीआर विकून आलेल्या पैशांतून वाडा दुरुस्त करायचा, अशी कल्पना. शिवाय तो दुसऱ्या जागी वापरताना दोन्हीकडच्या रेडी रेकनर दरांचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांचे, गुणोत्तर लावतात. पेठेतला दर चढा आणि उपनगरातला उतरता असेल, तर तिकडे जास्त बांधकाम मिळते. गिऱ्हाईकाशी बोलताना हे विसरू नका, समोरचा विसरलेला नसतो.

अडचण तुमच्या श्रेणीची आहे. तिसऱ्या श्रेणीत बदलांना बरीच मोकळीक असते, म्हणून ‘निर्बंधामुळे नुकसान झाले’ हे सिद्ध करणे जड जाते. महापालिकेच्या वारसा समितीकडून काय पाडायचे नाही आणि किती उंच जायचे नाही, हे लेखी घ्या. तोंडी ‘बघू’वर टीडीआर निघत नाही.

दुसरी वाट वापर बदलण्याची. वास्तू आहे तशी राखण्याची लेखी हमी दिलीत, तर समितीच्या संमतीने राहत्या भागात कार्यालय किंवा हॉटेल करता येते. हमी मोडली की परवानगीही जाते. मला विचाराल तर वाड्याला हीच वाट जास्त मानवते. टीडीआर एकदाच विकला जातो, भाडे दर महिन्याला येते. अर्थात आधी भाडेकरूंशी बसा. भाडे नियंत्रण कायद्याखालचे त्यांचे हक्क वारसा यादीमुळे पुसले जात नाहीत.

या आठवड्यात दोन कामे करा. पहिले, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा, म्हणजे मालकीच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा. आजोबांच्या नावानंतर वारसनोंदच नाही, असे किती वाडे दाखवू! एक पथ्यही पाळा, कुठल्याही बिल्डरला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा अधिकार, देऊ नका. दिलेत तर टीडीआरवरही त्याचाच हात पडेल. दुसरे काम अंतर मोजण्याचे. शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरांच्या आत असाल तर नवे बांधकाम बंद आणि दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या मान्यतेची गरज. मग चुलतभावांचा विषय आपोआप मिटतो. त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊन बांधता येते.

तोवर एक खर्च टाळू नका. खांबांचे तळखडे, म्हणजे बुडाखालचे दगड, उघडे करून बघा. पांढऱ्या मातीच्या, चुन्याच्या भिंतीला खालून सिमेंटचा गिलावा मारलेला असला की ओल आत कोंडते आणि सागवानी खांब बुडाशी कुजतो. वरून तो ठणठणीत दिसतो. टोकदार पेचकस बुडाशी दाबून बघा, बोटभर आत गेला तर सुतार बोलवा, रंगारी नको. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायला कुठल्याही अनुदानाची वाट बघावी लागत नाही.

प्रश्न : आमचा ट्रेकिंगचा गट एका राज्य संरक्षित किल्ल्याच्या तटबंदीसाठी वर्गणी काढतो आहे. गवंडी आम्हीच नेले तर?

उत्तर : नेऊ नका. परवानगीशिवाय संरक्षित तटाला हात लावणे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. संचालनालयाला लिहा. राज्याच्या ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेत संरक्षित स्मारके संगोपनासाठी देतात. धाराशिवचा नळदुर्ग त्याखाली एका कंपनीकडे गेला होता. मात्र ते वर्षानुवर्षांचे काम आहे, वर्गणीत भागणारे नाही. तुमच्यासाठी केंद्राचा १९९६चा राष्ट्रीय संस्कृती निधी सोपा पडेल. तिथे देणगी ठरावीक स्मारकाच्या नावाने देता येते. आयकरात पूर्ण वजावटही मिळते, पण जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच. गटात नव्या प्रणालीत गेलेले असतील त्यांना हे पैसे घेण्याआधी सांगा.