स्ट्रिक्ट म्हणजे काटेकोर नव्हे

प्रश्न असा: हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतला कोड वेगवान करण्यावरच्या लेखाचं भाषांतर करताना 'स्ट्रिक्ट इव्हॅल्युएशन'ला 'काटेकोर मूल्यमापन' म्हटलं तर चालेल का?

मला दोन्ही शब्द फसवे वाटतात. मूल्यमापन म्हटलं की उत्तरपत्रिका डोळ्यांपुढे येतात. काटेकोरपणाचा संबंध अचूकतेशी. इथे उत्तर लगेच काढा की नंतर, बरोबरच येतं, फरक ते कधी काढायचं एवढाच आहे. इव्हॅल्युएशनसाठी तर शब्द शोधायलाच नको. 'क्ष = 3 असताना पदावलीची किंमत काढा' हे आपण शाळेत वहीभर केलंय.

हॅस्केल ही किंमत मागितल्याशिवाय काढत नाही. बाजूला ठेवलेल्या अशा कामाला थंक म्हणतात (शब्द हॅस्केलहून जुना, 1961 मधला, अल्गॉल 60 च्या संदर्भातला). ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड आपोआप वेगवान करणं) बंद ठेवून 'फोल्डएल'ने, म्हणजे यादीतले आकडे एकामागून एक जोडत नेणाऱ्या फंक्शनने, 1 ते 10 लाखांची बेरीज करून बघा. बेरीज होतच नाही, ((0+1)+2)+3 अशी शेपटी मेमरीत वाढत जाते आणि उत्तर छापायच्या वेळी ती सगळी उलगडावी लागते. त्याचाच भाऊ 'फोल्डएल-प्राइम' मात्र दर पायरीला आकडा काढूनच पुढे सरकतो: 1, 3, 6, 10. म्हणून मी 'लगोलग किंमत काढणे' म्हणेन. आधी 'जागच्या जागी' सुचलं होतं, पण त्यावरून वाचकाला डेटा तिथल्या तिथे बदलतोय असं वाटेल.

लगोलग म्हणजे तळापर्यंत, असं मात्र नाही. सरासरीसाठी बेरीज आणि संख्या यांची जोडी फोल्डएल-प्राइममधून नेली, तर तो जोडी तयार आहे एवढंच पाहतो. आतले दोन्ही आकडे थंकच राहतात. त्या दोघांवर उद्गारचिन्ह, म्हणजे बँग, लावावं लागतं. इथे भलेभले फसतात.

आता खरी अडचण. लगोलग हा नेमका 'ईगर' या वेगळ्या इंग्रजी संज्ञेचा अर्थ झाला. स्ट्रिक्ट हा फंक्शनचा गुण आहे: दिलेल्या गोष्टीची किंमत कधीच निघाली नाही, तर फंक्शनचंही उत्तर निघत नाही. आकड्यांची बेरीज दोन्ही बाजूंना स्ट्रिक्ट. 'किंवा' फक्त डावीकडे. तिथे 'खरं' मिळालं की उजवीकडे बघतही नाही. ऑप्टिमायझेशन चालू असलं की जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर हाच गुण हेरून बरेच थंक स्वतःच टाळतो. या गुणासाठी मला नेमका मराठी शब्द सापडत नाही, ओढूनताणून आणूही नये.

तेव्हा शीर्षकात 'लगोलग किंमत काढून वेगवान कोड' खुशाल लिहा. फंक्शनबद्दल बोलताना स्ट्रिक्टला स्ट्रिक्टच राहू द्या.